धूर निघतोय तोवर

१९ ऑगस्ट १८५५, कॅन्सस
ही वही निघताना आमच्या गावच्या शिवणमंडळानं दिली. पहिल्या पानावर सगळ्या जणींच्या सह्या आहेत आणि खाली पाद्रीबाईंच्या अक्षरात, "हल्दा पेटिबोन हिला, स्वतंत्र भूमीच्या कार्यासाठी." व्हरमाँटहून इथवर यायला सात आठवडे लागले. तेवढ्यात एक ओळ लिहिली नाही, कारण बोटीत आणि गाडीत मिळून मी जे ओकले तेवढंच माझं कार्य झालं.

या मुलखात गुलाम ठेवायचे की नाही हे इथं राहणाऱ्यांच्या मतांवर ठरणार आहे. नदीपलीकडून मिसुरीचे गुलामवाले येतात, म्हणून आमच्यासारख्यांनीही यायचं. एल्काना देवळात तासभर बोलले होते. बायका रडल्या, दोघा जणांनी आपल्या गाई विकून प्रवासाला पैसे दिले. नवऱ्याचा इतका अभिमान मला लग्नातही वाटला नव्हता.

जमीन मिळवायची इथली रीत सोपी. चार ओंडके चौकोनात मांडले की ते घर झालं आणि भोवतालची जमीन तुमची. मग सवडीनं भिंती उभारा. आमचे चार ओंडके पडले, त्यावर आता छप्परही आहे. जमीन एल्कानांनी निवडली, सपाटी बघून. पाणी बघायचं राहिलं.

२४ ऑगस्ट
पाणी अर्ध्या मैलावर, टॉलिव्हरच्या जमिनीत. झरा बारमाही आहे, खडकातून येतो आणि इतका गार की दात कळवळतात. प्रिन्स टॉलिव्हर काळा आहे, पण स्वतंत्र. विहिरी खणून त्यानं स्वतःला विकत घेतलं आणि शिक्क्याचा कागद सदऱ्याच्या आत शिवून ठेवलाय. बायको डॉर्कस. पायात नवऱ्याचे बूट घालते आणि जास्त बोलत नाही.

मी दोन बादल्या भरून उचलल्या तर तिनं हटकलं.

"कितवा महिना, बाई?"

"सातवा."

"मग दोन कशाला? एक इकडे आणा. पोट पडलं तर पाणी कुणाला पाजणार?"

बादली दारापर्यंत आणून दिली. मी तिला आत बोलावून चहा दिला, आणि आमच्या घरी उसाची साखर येत नाही, ती गुलामांच्या हातची असते, आम्ही फक्त मेपलच्या झाडाची खातो, हे समजावून सांगितलं. ती ऐकून घेत होती.

"मिसुरीत आम्हालाही नव्हती मिळत, बाई. उसाची."

मी हसले. ती हसली नाही.

११ सप्टेंबर
प्रिन्सनं आमच्याकडे तीन ठिकाणी विहीर खणून पाहिली. खाली नुसता खडक.

"देवानं ठेवलंच नाही ते मी कुठून काढू, साहेब?"

"तुझ्या जमिनीत मात्र बरं ठेवलं देवानं," एल्काना म्हणाले.

प्रिन्स हसला. मलाही ते गमतीनं म्हणालेत असंच वाटलं. मग दिवसभर ते त्या तीन कोरड्या खड्ड्यांभोवती फिरत राहिले.

२९ सप्टेंबर
एल्काना वसाहतीच्या कमिटीकडे जाऊन आले. काळ्याच्या नावावर जमीन लागते तरी का, हे विचारायला. केवळ माहिती असावी म्हणून, असं मला म्हणाले. कमिटीचा प्रमुख बार्नाबस क्रो फाटक्या तोंडाचा माणूस आहे. एल्कानांनीच घरी येऊन सगळं सांगितलं, मी जसंच्या तसं लिहिते.

"आमच्या वहीत त्याचं नाव नाही, खरंय. कायद्यानं ती जमीन कुणाचीच नाही. पण धुराड्यातून धूर निघतोय तोवर कुठल्याही घराला हात लावायचा नाही, हा आपला नियम."

"नियम गोऱ्यांसाठी केलाय ना?"

"घरांसाठी केलाय. उद्या मिसुरीवाले तुझ्या ओंडक्यांवर येऊन बसतील, पेटिबोन, तेव्हा तुलाही हाच वाचवील. तहान एवढी लागली असेल तर दोन बादल्या जास्त आण."

एल्कानांना हा माणूस असंस्कृत वाटतो. आमच्या खिडकीतून टॉलिव्हरचं धुराडं दिसतं. अलीकडे ते सकाळी उठले की आधी तिकडे बघतात.

४ नोव्हेंबर
मला मुलगी झाली. परवा, दुपारी. एल्काना गावात स्वतंत्र भूमीच्या सभेला गेले होते, मुक्कामी. डॉर्कस नसती तर हे लिहायला मी नसते. मूल पायाकडून आलं. तिनं हात घालून वळवलं, तोंडात फुंकर घातली, आणि मी बोंबलत होते तेव्हा मला म्हणाली, "ओरडा, बाई, ओरडा. इथं कुणी ऐकत नाही, हाच तर या जागेचा फायदा."

दोन दिवस ती इथंच होती. पण सारखी उठून खिडकीशी जायची. निखारे राखेखाली दाबून आली होती, त्यांचा धूर टिकतो की नाही ते बघायची. प्रिन्स लांब विहिरी खणायला गेलाय, नाताळाच्या सुमारास येईल.

"एवढी काय भीती त्या धुराची?" मी म्हटलं. "तुमच्याकडे कागद आहे की."

ती खाटेच्या कडेला बसली. बाळ तिच्याच हातात होतं.

"कागद एकाचाच आहे, बाई. माझा नाही."

मग सगळं बोलली. ती नदीपलीकडच्या गॅडिस नावाच्या तागाच्या मळेवाल्याची. प्रिन्सनं तीनदा किंमत नेऊन ठेवली, गॅडिसनं दर वेळी ती वाढवली. शेवटी गेल्या फेब्रुवारीत दोघं गोठलेल्या नदीवरून चालत आले. कुणी आलंच तर लपायला प्रिन्सनं जागा केली आहे. झऱ्याच्या कपारीत दुधाची भांडी ठेवतात, तिथं मागे एक फळी आहे, फळीमागे एक माणूस गुडघे दुमडून बसेल एवढी पोकळी. हे आजवर तिसऱ्या माणसाला माहीत नाही.

"मला का सांगतेस?"

"कारण तुम्ही इथून धूर बघू शकता. एखाद्या दिवशी तो दिसला नाही तर समजा मी चूल विझवून फळीमागे आहे. तुम्ही जाऊन चूल पेटवायची. नुसती पेटवायची, बाई. घर गेलं तर त्या माणसाला परत यायला जागा राहणार नाही."

मी बायबलवर हात ठेवून दोन्ही गोष्टी कबूल केल्या. कुणाला सांगणार नाही, आणि चूल पेटवीन. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं खरं कार्य. घरी असताना आम्ही फक्त रुमाल शिवले. डॉर्कसचा विश्वास मी जन्मभर जपेन. इथं लिहिलंय, पण लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे. एल्कानांना तर मुळीच बोलणार नाही, उगाच त्यांच्या जिवाला घोर.

मुलीचं नाव डॉर्कस ठेवायचं माझ्या मनात होतं. एल्कानांनी आल्या आल्या बायबलात लिबर्टी लिहून टाकलं. आमच्या कार्याला शोभेल असंच आहे.

१४ नोव्हेंबर
एल्काना सकाळपासून गाडीच्या आसाला वंगण घालत होते, कोपरापर्यंत काळे झालेले. मी लाकडं घेऊन आत आले तर मेजाशी पाठमोरे उभे. चाकू शोधतोय म्हणाले. चाकू त्यांच्या पट्ट्यालाच होता, मी दाखवल्यावर हसले. जेवले नाहीत.

मग म्हणाले, "उद्या दळणाला जातो. मिसुरीच्या गिरणीवर."

मला नवलच वाटलं. इकडे येताना आठ दिवस बोट मिसुरीतून आली, तेव्हा गुलामांच्या भूमीला पाय लावणार नाही म्हणून हे एकदाही खाली उतरले नव्हते. आणि इथली गिरणी आठ मैलांवर आहे.

"इथलं पीठ जाडं येतं, हल्दा."

नऊ वर्षांत त्यांना जाडं-बारीक कळल्याचं मला आठवत नाही. पण बाळंतिणीसाठी एवढं करणारा नवरा किती जणींना मिळतो?

२१ नोव्हेंबर
काल परत आले. पीठ होतं तसंच जाडं आहे. मन मात्र प्रसन्न, बाळाला गुडघ्यावर घेऊन स्तोत्रं म्हणाले. मला सुती कापड आणलंय, निळ्या फुलांचं. गुलामांनी वेचलेला कापूस आम्ही वापरत नाही, पण हा कुणी वेचला ते मी विचारलं नाही. लिबर्टीला झबली हवीतच.

डॉर्कस अंडी घेऊन आली होती. बाळाची टाळू दाबून पाहिली, मला बाळंतकाढा प्यायला लावला. एल्काना तिच्याशी फार अदबीनं बोलले. प्रिन्स नक्की कधी येणार, एकटीला लाकडं पुरतात का, सगळी चौकशी केली. ती गेल्यावर मी त्यांना म्हटलं, तुमच्यासारखे सगळे असते तर हे भांडणच राहिलं नसतं.

३ डिसेंबर
थंडी कडक. एल्कानांनी चार ओंडके तोडून, सोलून, एकाच मापाचे करून ठेवले आहेत. गोठ्यासाठी.

"चारच? भिंत कशी होईल?"

"सध्या चार पुरेत."

१५ डिसेंबर
आज मतदान झालं. आमची नवी घटना, गुलामगिरीला कायमची बंदी. त्याच्याबरोबर दुसरी एक वेगळी चिठ्ठी होती. काळ्या माणसाला, गुलाम असो की स्वतंत्र, या राज्यात राहायला द्यायचं की नाही. एल्कानांनी दोन्ही चिठ्ठ्यांवर बंदीच्या बाजूनं मत दिलं. आमच्याकडच्या बहुतेकांनी तसंच दिलं म्हणे. एकटा बार्नाबस क्रो चिठ्ठी चुरगाळून म्हणाला, "काळ्यांसाठी रडत रडत आलात, आणि आता त्यांनाच हाकलताय? मग रडलात कशाला?"

मलाही जरा अवघडल्यासारखं झालं. मी विचारलं, "टॉलिव्हरचं काय?"

"अगं, हे कुणा एकाच्या विरुद्ध नाही. गुलाम नको आणि काळाही नको. भांडणाचं मूळच गेलं की भांडण कशाला होईल? शिवाय मिसुरीवाले आपल्याला काळ्यांचे पाय चाटणारे म्हणतात, त्यांचं तोंड बंद."

पटलं. त्यांना गोष्ट समजावून सांगता येते. डॉर्कसला मात्र मी आज भेटायला गेले नाही.

१९ डिसेंबर
हे नीट लिहायला हवं.

सकाळी घोट्याएवढं बर्फ पडलेलं. तीन घोडेस्वार रस्त्यानं टॉलिव्हरच्या बाजूला गेले. मी बाळाला अंघोळ घालत होते. अंघोळ आटोपून खिडकीशी आले तेव्हा धूर नव्हता. थोडं थांबले, वाटलं लाकूड ओलं असेल. मग शाल घेतली.

"कुठे?" एल्कानांनी विचारलं.

"डॉर्कसकडे. चूल विझलीय."

"बाळ खोकतंय."

"तुम्ही बघा ना तिला. मी जाऊन येते, नुसती चूल पेटवायची आहे."

"हल्दा, तिकडे बंदूकवाले गेलेत. तू आई आहेस आता. बस खाली."

बाळ खोकत होतं हे खरं आहे. आदल्या दिवशीही दोनदा खोकलं होतं. मी शाल काढून ठेवली. ती खुंटीवर टांगून ठेवली आणि त्यानंतर दोनदा हातात घेतली, हेही लिहिते, म्हणजे मी विसरले असं कुणी म्हणायला नको.

दुपारी त्यांनी बैल जुंपले. ओंडके आधीच गाडीवर होते. मला वाटलं डॉर्कसला मदत करायला निघाले. संध्याकाळी परतले आणि पाणी प्यायले. घर रिकामं होतं म्हणाले, मिसुरीवाल्यांनी तिला नेलं असावं. ती जागा त्यांच्याच कुणाच्या हाती पडू नये म्हणून आपले चार ओंडके मांडून आलो.

मी रडले. ते म्हणाले, "रड. तुझं मन फार कोवळं आहे."

मी विचार करतेय, सांगितलं कुणी असेल? तो बार्नाबस क्रो सगळीकडे बडबडत फिरतो. मला त्याच्यावर कधीच भरवसा नव्हता.

२३ डिसेंबर
प्रिन्स आला. आधी आपल्या घरी जाऊन आला होता. आत आला नाही, दारातच उभा राहिला, फावडं खांद्यावर तसंच. एल्काना बैलांचं जू सारखं करत होते.

"बाई, तिनं तुम्हाला सांगितलं होतं."

मी हो म्हटलं.

"घराच्या दारापर्यंत एकही खूर आलेलं नाही. वर नवं पडलं नाही, खुरं स्पष्ट दिसतात. तीन घोडे रस्त्यावरून सरळ झऱ्याकडे गेलेत. माणूस शोधायला आलेला माणूस आधी घर बघतो. यांनी दार ढकलूनसुद्धा पाहिलं नाही. कपारीतली भांडी एका बाजूला नीट मांडून ठेवलीत, बाई. एक थेंब दूध सांडलं नाही."

मी बायबल आणलं आणि त्याच्यासमोर हात ठेवून शपथ घेतली की माझ्या तोंडून एक शब्द कुणापाशी गेलेला नाही. ही शपथ खरी आहे. देवासमोर खरी आहे. तो माझ्या हाताकडे बघत होता.

"बरं. आणि धूर?"

मी म्हटलं, बाळ खोकत होतं.

त्यानं फावडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मग एल्काना पुढे आले, जमिनीबद्दल त्याला शांतपणे समजावलं. घर चार दिवस थंड होतं, नियम कमिटीचा आहे, आणि आता तर मतदानही झालं. फावडं, पहार, अंथरूण त्यानं खुशाल न्यावं, त्याला कुणी अडवणार नाही.

"बार्नाबसकडे जा हवं तर," ते म्हणाले. "तोही हेच सांगेल."

"गेलो होतो. त्यानं मला बसायला खुर्ची दिली आणि हेच सांगितलं."

"कुठे जाणार मग?" मी विचारलं.

"पलीकडे. गॅडिसकडे."

"अरे, तिथं तुला धरतील. कागद फाडून टाकतील आणि विकतील."

"तिला दक्षिणेला विकायच्या आत पोचलो तर एकत्र तरी विकतील."

मी आत जाऊन मेपलच्या साखरेचा उरलेला सबंध खडा फडक्यात बांधून आणला. घरून आणलेला तो शेवटचा होता. म्हटलं, "वाटेत खा. हिला एकाही गुलामाचा हात लागलेला नाही."

प्रिन्सनं पुडी घेतली, वजन करून बघावं तशी हातावर धरली आणि उंबऱ्यावर ठेवली.

"राहू द्या, बाई. आता इथं पाणी जवळ होईल. चहा जास्त होईल तुमच्याकडे."

तो गेल्यावर मी पुडी उचलून आत ठेवली. एल्कानांना त्याचं बोलणं उद्धट वाटलं. मी म्हटलं, जाऊ द्या, दुःखात माणूस काहीही बोलतो.

२ जानेवारी १८५६
आम्ही झऱ्यावर राहायला आलो. टॉलिव्हरचं घर आमच्या घरापेक्षा चांगलं बांधलेलं आहे. भेगांतून वारा येत नाही. चूल पहिल्या काडीला पेटली. तिच्या शेजारी डॉर्कसचे ते मोठे बूट नीट जोडीनं ठेवलेले होते. म्हणजे ती फळीमागे अनवाणी गेली. एल्कानांना बरोबर बसतात.

सामान लावताना वही हातातून पडली आणि ४ नोव्हेंबरच्या पानावर उघडली. जिथं झऱ्याची कपार आणि फळी लिहिलीय, त्या ओळीच्या कडेला एक काळा डाग आहे. अंगठ्याचा. चिकट, वंगणाचा. मी त्यावर माझा अंगठा ठेवून पाहिला. डाग बराच मोठा आहे. पण वंगण कागदावर पसरतंच, हे कुणालाही माहीत आहे. मी गाडीतून उतरताना कधी आसाला हात लावला असेल.

पान फाडावं असं मनात आलं. पण त्याच पानावर लिबर्टीचा जन्म आहे, आणि शिवणमंडळाला वही दाखवायची झाली तर मधलं पान गेलेलं बरं दिसणार नाही. तेव्हा राहू दिलं.

एल्काना दारातून हाक मारतायत. कपारीतली फळी काढून त्यांनी तिथं आमच्या दुधाची भांडी लावली, जागा दुप्पट झाली म्हणतात. मी पाणी आणायला बादली उचलली आणि पावलं मोजली. आता झरा दारापासून फक्त वीस पावलांवर आहे.